नोकरी बदलली, संसार मात्र खोळंबला

अमेरिकेत ‘एच-१बी’ व्हिसावर काम करणाऱ्या अभियंत्याने कंपनी बदलायची ठरवली, तर कायद्याच्या दृष्टीने ते फारसे अवघड नाही. नवी कंपनी त्याच्या नावे अर्ज दाखल करते, अर्ज पोहोचल्याची पावती येते आणि मंजुरीची वाट न पाहता तो नव्या कार्यालयात रुजू होऊ शकतो. मात्र याच अभियंत्याची पत्नी त्या वेळी पुण्यात किंवा नाशिकमध्ये असेल, लग्न नुकतेच झालेले असेल किंवा मुलाचे शाळेचे वर्ष संपेपर्यंत ती मागे थांबलेली असेल, तर तिच्या दृष्टीने ही पावती म्हणजे केवळ कागदाचा तुकडा ठरतो. पतीने नोकरी बदलली हे अमेरिकेतील स्थलांतर खात्याने नोंदवून घेतले असले, तरी मुंबईतील वकिलातीला मंजूर झालेला अर्ज दिसावा लागतो. तोपर्यंत तिचा व्हिसा पुढे सरकत नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत व्हिसाचे नियम अनेकदा बदलले. चर्चा झाली ती कोटा, लॉटरी, वेतन आणि शुल्काची. कर्मचाऱ्याबरोबर जाणाऱ्या कुटुंबाचा विचार या चर्चेत बहुधा शेवटच्या परिच्छेदात आला. प्रत्यक्षात नोकरी बदलावी की नाही, हा निर्णय अनेक घरांत पगाराच्या आकड्यावर होत नाही. पत्नी आणि मुले कुठे आहेत, त्यांच्या कागदांवर कोणती तारीख आहे, यावर तो होतो. आर्थिक वर्ष २०२४ मध्ये मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांपैकी सुमारे ७१ टक्के अर्ज भारतात जन्मलेल्यांचे होते. त्यामुळे हा प्रश्न अन्य कोणत्याही देशापेक्षा आपल्याकडच्या घरांना अधिक भिडतो.

२००० सालचा कायदा

नोकरी बदलण्याची मुभा पूर्वी इतकी सैल नव्हती. एकविसावे शतक सुरू होत असताना अमेरिकेत संगणक अभियंत्यांची मोठी टंचाई होती. तेव्हा गेलेल्या अनेकांना नवी नोकरी मिळाली, तरी नव्या कंपनीचा अर्ज मंजूर होईपर्यंत जुन्याच मालकाकडे थांबावे लागत असे. ऑक्टोबर २००० मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याने ही अट काढून टाकली. कर्मचारी कायदेशीर प्रवेश घेऊन आलेला असावा, त्याने परवानगीविना काम केलेले नसावे आणि मुक्कामाची मुदत संपण्यापूर्वी नव्या मालकाचा अर्ज दाखल झालेला असावा, एवढ्या अटी पुऱ्या झाल्या की अर्जाच्या दाखल दिनांकापासून नवे काम सुरू करता येते. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘एच-१ ट्रान्सफर’ म्हटले जाते, ते हेच. वास्तविक यात ‘ट्रान्सफर’ असे काही होत नाही. नवा मालक नवा अर्ज करतो. एकदा कोट्यात मोजल्या गेलेल्या कर्मचाऱ्याला पुन्हा लॉटरीत बसावे लागत नाही, इतकेच.

या कायद्याने दिलेले स्वातंत्र्य मात्र काम करण्यापुरते आहे, आणि काम करणारा एकटाच असतो. पत्नी किंवा पती आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांना ‘एच-४’ हा अवलंबितांचा दर्जा मिळतो. (आईवडील यात येत नाहीत. आपल्या अर्थाने ते कुटुंबाचे प्रमुख असले, तरी अमेरिकेच्या अर्थाने ते पर्यटक.) एच-४ हा दर्जा कोणत्याही कंपनीला जोडलेला नाही, तो मुख्य व्हिसाधारकाच्या दर्जाला जोडलेला आहे. कंपनी बदलल्याने तो रद्द होत नाही आणि कंपनी बदलल्याने आपोआप वाढतही नाही. साऱ्या गोंधळाचे मूळ या दुसऱ्या भागात आहे.

तारखांचा खेळ

कुटुंब आधीपासून अमेरिकेत आहे आणि सर्वांच्या ‘आय-९४’ या प्रवेश नोंदीवर पुरेशी मुदत शिल्लक आहे, असे असेल तर काळजीचे कारण नाही. पतीची नवी कंपनी स्वतःचा अर्ज करते आणि पत्नी-मुलांना काहीही दाखल करावे लागत नाही. पासपोर्टवर जुन्या कंपनीच्या काळात लागलेला एच-४ चा शिक्काही त्याच्या मुदतीपर्यंत चालतो. प्रवासात नव्या कंपनीच्या मंजुरीपत्राची, म्हणजे ‘आय-७९७’ ची प्रत सोबत ठेवली की झाले. ‘कंपनी बदलली, आता सगळ्यांचे स्टॅम्पिंग पुन्हा करावे लागणार’ असा सल्ला ओळखीपाळखीतून हमखास मिळतो. त्यात तथ्य नाही.

तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. नव्या अर्जाला मंजुरी मिळते, तेव्हा कर्मचाऱ्याला मंजुरीपत्राच्या तळाशी नवी आय-९४ मिळते. तिच्यावर दोन-तीन वर्षे पुढची तारीख असते. घरात आनंदीआनंद होतो. पत्नीची आणि मुलांची तारीख मात्र जुनीच राहिलेली असते. ती वाढवून घेण्यासाठी ‘आय-५३९’ हा स्वतंत्र अर्ज मुदत संपण्यापूर्वी करावा लागतो. तो केला नाही, तर पती कायदेशीर आणि कुटुंब बेकायदा, अशी विचित्र अवस्था एकाच छताखाली निर्माण होते. मुदत उलटून १८० दिवसांहून अधिक काळ राहिलेल्या प्रौढ व्यक्तीने देश सोडला, तर तिला तीन वर्षे परत येता येत नाही. एक वर्ष उलटले, तर हीच बंदी दहा वर्षांची होते.

मुलांच्या बाबतीत एक बारीक खाच आहे. भारतात अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचाच असतो. विमानतळावरील अधिकारी अनेकदा पासपोर्ट ज्या दिवशी संपतो, तेवढ्यापुरतीच प्रवेशाची मुदत देतो. त्यामुळे आईवडिलांच्या नोंदीवर २०२८ आणि मुलाच्या नोंदीवर २०२७, असे घडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नोकरी बदलताना नव्या कंपनीचा वकील कर्मचाऱ्याचे कागद डोळ्यांत तेल घालून तपासतो. चार वर्षांच्या मुलाची आय-९४ तपासणे त्याच्या कामाच्या यादीत असेलच असे नाही, कारण त्याचा अशील कंपनी असते.

पैशांचा प्रश्नही इथे येतो. एच-१बी अर्जाचा खर्च कायद्याने मालकावर आहे. अवलंबितांच्या अर्जाचा खर्च मालकाने द्यावा, असे कोणतेही बंधन नाही. काही कंपन्या तो देतात, अनेक देत नाहीत. नोकरीचा प्रस्ताव स्वीकारताना पगार, बोनस, समभाग यांवर तासन्‌तास बोलणी होतात. कुटुंबाचे अर्ज कोण भरणार, हा प्रश्न संकोचापायी विचारलाच जात नाही.

मुंबईची वाट

खरी परीक्षा होते ती कुटुंब भारतात असताना. आपल्याकडे तुळशीविवाहानंतर लग्नसराई सुरू होते आणि अमेरिकेत वर्षअखेरीच्या सुट्या त्याच सुमारास लागतात. साहजिकच अमेरिकेतील मुलांची लग्ने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरकली जातात. तीन आठवड्यांची रजा, साखरपुडा, लग्न, महापालिकेच्या कार्यालयात विवाह नोंदणी आणि लगोलग वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत दोघांच्या व्हिसाची मुलाखत, असे वेळापत्रक गेली अनेक वर्षे ठरून गेलेले होते. पूर्वी ब्रीच कँडीच्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या रांगा २०११ नंतर ‘बीकेसी’त आल्या, इतकाच काय तो फरक.

हे वेळापत्रक २०२५ मध्ये कोलमडले. त्या वर्षी २ सप्टेंबरपासून बहुतेक व्हिसा प्रकारांसाठी मुलाखतीतून मिळणारी सूट बंद झाली आणि एच गटातील नूतनीकरणाच्या अर्जदारांनाही पुन्हा मुलाखतीच्या रांगेत यावे लागले. अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असेही त्याच महिन्यात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगितले. मुंबईत तारीख मिळत नाही म्हणून अन्य एखाद्या देशात जाऊन शिक्का घेण्याची पळवाट त्यामुळे जवळजवळ संपली. त्यानंतर १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली. खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याची सूचना देण्यात आली. तपासणीला वेळ लागतो म्हणून दररोजच्या मुलाखतींची संख्या घटवण्यात आली आणि ऐन लग्नसराईत भारतातील अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती मार्च २०२६ आणि त्याहीपुढे ढकलल्या गेल्या. भारत सरकारने हा प्रश्न अमेरिकेकडे मांडल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबरअखेरीस सांगितले.

अशा वेळी नोकरी बदलण्याचा निर्णय किती नाजूक होतो, ते पाहण्यासारखे आहे. समजा, पती अमेरिकेत परतला, पत्नी मुलाखतीची वाट पाहत मागे राहिली आणि मधल्या काळात पतीने कंपनी बदलली. पत्नीने भरलेल्या ‘डीएस-१६०’ या अर्जात जुन्या कंपनीच्या मंजुरीचा क्रमांक असतो. त्या कंपनीत पती आता काम करत नाही. नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाला आहे. पण मंजूर झालेला नाही. पती मजेत नव्या ठिकाणी काम करतो आहे आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. पत्नीला मात्र दाखवायला चालू मंजुरीपत्र नाही. नव्या पगाराच्या पावत्याही एक-दोन महिने जमत नाहीत, आणि मुलाखतीत तर त्या मागितल्या जातात. मंजुरी आल्यावर नवा अर्ज भरून तो मुलाखतीच्या नोंदीशी जोडून घ्यावा लागतो. मंजुरीला किती दिवस लागावेत, हे बऱ्याच अंशी कंपनीच्या हातात असते. जादा शुल्क भरले तर कामकाजाच्या पंधरा दिवसांत उत्तर मिळते. ते भरले नाही, तर काही महिनेही लागू शकतात. पत्नी भारतात असेल, तर हे जादा शुल्क भरणार का, हा प्रश्न नव्या कंपनीला विचारायलाच हवा.

नावांचा घोळ हा खास मराठी प्रश्न. लग्नानंतर पत्नीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची आपली पद्धत आहे. विवाह प्रमाणपत्रावर एक, पासपोर्टवर दुसरे आणि व्हिसाच्या अर्जावर तिसरे नाव, असे झाले की मुलाखतीच्या खिडकीवर स्पष्टीकरणे द्यावी लागतात. लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदलणे बंधनकारक नाही. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर व्हिसा घेऊन नंतर सवडीने काय ते ठरवता येते. हौसेने लगेच नाव बदलायला गेलेल्यांचा महिना-दीड महिना त्यातच जातो.

एक लाख डॉलरचे सावट

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याची अट घालणारी घोषणा केली. ती २१ सप्टेंबरपासून बारा महिन्यांच्या मुदतीने अमलात आली. मधल्या त्या एका दिवसात विमानतळांवर जी धावपळ झाली, ती अनेकांच्या स्मरणात असेल. सुटीवर आलेले लोक पत्नी-मुलांना मागे ठेवून मिळेल त्या विमानाने परत निघाले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने आपल्या निवेदनात कुटुंबांच्या ताटातुटीचा आणि त्यातून उद्भवणाऱ्या मानवी परिणामांचा मुद्दा मांडला होता. व्यापार आणि कौशल्यांच्या भाषेत चालणाऱ्या या वादात कुटुंबाचा उल्लेख अधिकृत पातळीवर झाला, तो असा.

महिनाभराने, २० ऑक्टोबरला, स्थलांतर खात्याने खुलासा केला. अमेरिकेत राहून कंपनी बदलणाऱ्याला किंवा मुदत वाढवून घेणाऱ्याला हे शुल्क लागू नाही. एच-४ साठी तर ते कधीच नव्हते. मात्र जो अमेरिकेबाहेर आहे आणि ज्याच्याकडे चालू एच-१बी शिक्का नाही, त्याच्यासाठी केलेला अर्ज या घोषणेच्या कक्षेत येतो. कुटुंब आणायला भारतात आलेल्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचायला हवे. शिक्का संपलेला, मुलाखत पुढे ढकललेली, म्हणून तो चार महिने पुण्यात अडकला. तेवढ्यात जुन्या कंपनीने त्याला कमी केले किंवा दुसऱ्या कंपनीने चांगला प्रस्ताव दिला, तर नव्या मालकाचा अर्ज तो भारतात असताना दाखल होणार. अमेरिकेत बसून ज्या बदलाला नेहमीचे शुल्क लागले असते, त्याच बदलाला भारतात बसून एक लाख डॉलरचा प्रश्न उभा राहतो. कोणता मालक ते भरेल?

त्यामुळे या घोषणेनंतर नोकरी बदलताना पाळायचा क्रम उलटा झाला. पूर्वी लोक आधी घरी येऊन लग्न किंवा स्टॅम्पिंग उरकत आणि परतल्यावर कंपनी बदलत, किंवा प्रवासातच प्रस्ताव स्वीकारत. घोषणेच्या अमलात शहाणपण याच्यात होते की, अमेरिकेत असतानाच अर्ज दाखल करावा, मंजुरी हातात घ्यावी आणि मगच भारताचे तिकीट काढावे. कुटुंबाचा प्रवास त्यामुळे आणखी काही महिने लांबतो, हे ओघाने आलेच.

पत्नीच्या नोकरीचे काय?

आतापर्यंत कुटुंब नेण्याचा विचार केला. नेल्यानंतरचा एक प्रश्न याच्याशी घट्ट जोडलेला आहे. एच-४ वर गेलेल्या उच्चशिक्षित स्त्रियांना अमेरिकेत वर्षानुवर्षे घरी बसावे लागत असे. २६ मे २०१५ पासून त्यांच्यातील काहींना काम करण्याचा परवाना मिळू लागला. अट अशी की, पतीच्या ग्रीन कार्डसाठी मालकाने केलेला ‘आय-१४०’ हा अर्ज मंजूर झालेला असावा, किंवा पतीला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ त्याच कायद्याखाली मिळालेली असावी. (अर्थात पत्नी एच-१बी वर आणि पती एच-४ वर, अशीही घरे आहेत. नियम दोघांना सारखाच.) या परवान्याविरुद्ध लढला गेलेला खटला दहा वर्षे चालला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला आणि परवाना टिकला.

हा परवाना पत्नीच्या मालकाला बांधलेला नाही. पण तो पतीच्या मालकाने केलेल्या कामावर उभा आहे, आणि नोकरी बदलताना नेमका हाच पाया हलतो. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर जुन्या मालकाने नंतर तो मागे घेतला, तरी मुदतवाढीसाठी आणि परवान्यासाठी त्याचा आधार राहतो. जानेवारी २०१७ मध्ये लागू झालेल्या नियमांनी हे स्पष्ट केले. १८० दिवस पूर्ण होण्याआधी पतीने नोकरी सोडली आणि चिडलेल्या जुन्या मालकाने अर्ज मागे घेतला, तर ग्रीन कार्डच्या रांगेतील क्रमांकाची तारीख सहसा टिकते. मात्र पत्नीच्या परवान्याचा आधार जातो. नवी कंपनी पहिल्यापासून प्रक्रिया सुरू करून नवा आय-१४० मिळवीपर्यंत, म्हणजे सहज दीड-दोन वर्षे, परवान्याचे नूतनीकरण अडते. पतीला मिळालेली वीस टक्के पगारवाढ पत्नीच्या संपूर्ण पगाराच्या बदल्यात घेतली गेली, असा हा हिशेब होतो. सहा महिने थांबले असते तर हे टळले असते.

त्यात ३० ऑक्टोबर २०२५ पासून आणखी एक भर पडली. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुन्या परवान्यावर ५४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येत असे. त्या तारखेनंतर केलेल्या अर्जांसाठी ही आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद करण्यात आली. एच-४ चा परवाना एच-४ च्या मुदतीपलीकडे जात नाही. ती मुदत पतीच्या मंजुरीवर ठरते आणि ती मंजुरी नव्या कंपनीच्या अर्जावर. साखळीतील प्रत्येक कडी मागच्या कडीची वाट पाहते. शेवटच्या कडीवर असते ती बहुधा स्त्री.

भारतीयांना हे सारे अनेक वर्षे भोगावे लागते, याचे कारण ग्रीन कार्डच्या वाटपात आहे. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. २०२५ च्या अखेरीस दुसऱ्या पसंतिक्रमातील भारतीयांसाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या पत्रकात २०१३ मधील तारखा चालू होत्या. बारा वर्षांच्या प्रतीक्षेत माणूस एकाच कंपनीत राहील, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तो दोन-तीनदा कंपनी बदलतो आणि प्रत्येक वेळी कुटुंबाचे कागद नव्याने पणाला लागतात. दरम्यान मुले मोठी होतात. २१ वर्षे पूर्ण झाली की मुलगा किंवा मुलगी अवलंबित राहत नाही. ज्या देशात बालवाडीपासून शिक्षण झाले, तिथे त्यांना स्वतःचा विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो.

साठ दिवस

नोकरी स्वतःहून बदलणे वेगळे आणि ती हातातून जाणे वेगळे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार, त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गुगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ‘साठ दिवस’ हा शब्दप्रयोग घराघरांत पोहोचला. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस, आणि आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस, अमेरिकेत राहता येते. ही सवलत २०१७ पूर्वी नव्हती. ती अवलंबितांनाही मिळते. त्या अवधीत नव्या मालकाने अर्ज दाखल केला की गाडी पुन्हा रुळावर येते. पण साठ दिवसांत नोकरी शोधणारा माणूस पगारावर घासाघीस करत नाही, आणि कुटुंबाच्या शुल्काविषयी तर नाहीच नाही. मुलाची शाळा, घराचा भाडेकरार, गरोदर पत्नीचा आरोग्य विमा यांचा हिशेब करून मिळेल ती नोकरी तो घेतो. २००० च्या कायद्याने दिलेले स्वातंत्र्य एकट्या माणसाला जेवढे उपयोगी पडते, तेवढे चौघांच्या कुटुंबाला पडत नाही, ते असे.

इतरत्र काय?

अमेरिकेबाहेरही चित्र फार निराळे नाही. गाठ मात्र वेगळ्या जागी पडते. ब्रिटनमध्ये ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावरील माणसाला कंपनी बदलायची असेल, तर नव्या मालकाचे प्रायोजकत्व घेऊन नवा अर्ज करावा लागतो आणि मंजुरीनंतरच नवे काम सुरू करता येते. म्हणजे कर्मचाऱ्याला अमेरिकेपेक्षा अधिक थांबावे लागते. कुटुंबाची मुदत शिल्लक असेल, तर त्यांना लगेच अर्ज करावा लागत नाही. मात्र ११ मार्च २०२४ पासून वृद्धांची आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या केअर वर्करांना कुटुंब नेण्यास बंदी झाली आणि २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबली. आधीपासून या व्हिसावर असलेल्यांना कंपनी बदलल्यानंतरही कुटुंबाचा हक्क राखून ठेवला गेला. त्यामुळे तारखेच्या अलीकडचा कर्मचारी आणि पलीकडचा कर्मचारी एकाच शुश्रूषागृहात काम करत असले, तरी एकाची मुले त्याच्याबरोबर असतात आणि दुसऱ्याची भारतात.

कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आखातात गेली. संयुक्त अरब अमिरातीत किमान चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय, असल्याशिवाय कुटुंब आणता येत नाही. नोकरी बदलताना जुना निवास परवाना रद्द होतो, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या परवान्यांची व्यवस्था आधी लावावी लागते. हे जाचक खरे. पण तिथे नियम निदान सर्वांना ठाऊक असतो. रत्नागिरीचा माणूस दुबईत नोकरी बदलण्यापूर्वी बायकोच्या व्हिसाचे काय, हे आधी विचारतो. कॅलिफोर्नियातील अभियंता ते बरेचदा नंतर विचारतो.

कर्मचारी आणि कुटुंब यांचे अर्ज एकत्र हाताळणे अशक्य आहे काय? तसे नाही. अमेरिकेतच हे करून झाले आहे. एच-४ चे अर्ज महिनोन्‌महिने रखडतात म्हणून काही कुटुंबांनी न्यायालयात दाद मागितली होती. त्या प्रकरणात झालेल्या तडजोडीनुसार २५ जानेवारी २०२३ पासून स्थलांतर खात्याने मुख्य अर्ज, अवलंबितांचा मुदतवाढीचा अर्ज आणि कामाच्या परवान्याचा अर्ज, हे तिन्ही एकत्र दाखल झाले असतील तर एकत्रच निकाली काढण्याचे मान्य केले. कर्मचाऱ्यासाठी जादा शुल्क भरले असेल, तर कुटुंबाचाही निर्णय त्याच गतीने होऊ लागला. त्यासाठी नवा कायदा लागला नाही. ही तडजोड दोन वर्षांसाठी होती. १८ जानेवारी २०२५ रोजी तिची मुदत संपली आणि तिन्ही अर्ज एकत्र निकाली काढण्याचे खात्यावरील बंधनही तिच्याबरोबर संपले. एच-४ च्या मुदतवाढीसाठी जादा शुल्क भरून लवकर निर्णय मिळवण्याची सोय स्वतंत्रपणे उपलब्ध नाही. कर्मचाऱ्याचा अर्ज पंधरा दिवसांत मंजूर होऊन येतो, आणि त्याच पाकिटातून गेलेला त्याच्या पत्नीचा अर्ज मात्र मागे राहू शकतो.